बेरोनार : नियमाच्या बाजूची आई

१९८२च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या 'ड्रॅगन' या मासिकाचा ५८वा अंक निघाला. रॉजर मूर या लेखकाने त्या अंकात ड्वार्फांच्या, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणाऱ्या ठेंगण्या, दाढीवाल्या, कष्टाळू जमातीच्या देवांची ओळख करून दिली होती. क्लँगेडिन लढाईचा देव, डुमाथोइन डोंगराखालची गुपितं जपणारा, अब्बाथॉर हावेचा, व्हर्गाडेन संपत्तीचा आणि नशिबाचा. त्यांच्या जोडीला एक देवी होती, बेरोनार. सुरक्षितता, सत्य, घर आणि उपचार ही तिची क्षेत्रं आणि चांदीच्या दोन अंगठ्या ही तिची खूण. तिची नैतिक बाजू 'लॉफुल गुड' म्हणून नोंदलेली होती, म्हणजे नियमाच्या आणि चांगुलपणाच्या पक्षाची. पुढे तिच्या नावात ट्रूसिल्व्हरची भर पडली आणि तिला पूजनीय माता म्हणू लागले.

ही देवी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे एकेका पात्राच्या तोंडून बोलतात आणि काय घडलं याचा निकाल फासे देतात. त्या बैठकीत जे बोललं जातं ते तिथेच विरतं. लाखो टेबलांवर कुणीतरी बेरोनारची शपथ घेतली असेल, पण त्याचा पुरावा कुणाकडे नसतो. मागे राहतात ती छापील नियमपुस्तकं आणि मासिकाचे अंक. सुदैवाने हे कागद चांगले जपले गेले आहेत. 'ड्रॅगन'चे पहिले २५० अंक आणि त्याच्या आधीच्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'चे सातही अंक १९९९ साली सीडींवर एकत्र प्रसिद्ध झाले. जॉन पीटरसनसारख्या अभ्यासकाने २०१२ साली 'प्लेइंग अ‍ॅट द वर्ल्ड' या ग्रंथात या खेळाच्या जन्माचा इतिहास असल्याच कागदांवरून मांडला. बेरोनारचा इतिहासही याच रीतीने, अंक आणि आवृत्त्या तारखेनुसार समोर ठेवून लिहिता येतो. तो लिहावासा वाटतो, कारण नियम आणि मातृत्व या दोन गोष्टी एका व्यक्तिरेखेत कशा येऊन बसल्या हे टप्प्याटप्प्याने दिसेल असे फार थोडे कागद जगात आहेत. आपल्या देवतांच्या बाबतीत ते टप्पे हजारो वर्षांच्या मौखिक परंपरेत बुडालेले आहेत. इथे प्रत्येक टप्प्यावर साल छापलेलं आहे.

आधी नियमाची बाजू पाहू.

१९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी 'चेनमेल' हे युद्धखेळाचं छोटं पुस्तक काढलं. टेबलावर मध्ययुगीन सैनिकांच्या लहान मूर्ती मांडून लढाई खेळायची, एवढाच त्याचा हेतू. शेवटी एक काल्पनिक पुरवणी होती आणि तिच्यात चेटकी, राक्षस, परी यांची तीन गटांत वाटणी केलेली होती : लॉ, न्यूट्रल आणि केऑस. ड्वार्फ लॉच्या रांगेत होते. या वाटणीत सद्गुणांचा विचार नव्हता. कोणती मूर्ती कुणाच्या सैन्यात उभी करायची, एवढंच त्यावरून ठरायचं. ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकल मूरकॉक या कादंबरीकारांच्या जगांतून आलेली होती. त्यांच्याकडे सगळं विश्वच नियम आणि अनागोंदी यांच्या झगड्यात ओढलेलं आहे. १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्सने आपल्याला प्रेरणा देणाऱ्या लेखकांची यादी दिली, तीत ही दोन्ही नावं आहेत.

१९७४च्या जानेवारीत गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केलं, तेव्हाही हे तीन गट तसेच राहिले. तपकिरी खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्यातला 'लॉ' अजून पक्षाचाच होता.

बदल झाला १९७६च्या फेब्रुवारीत. 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'मध्ये गायगॅक्सने एक लेख लिहून नियम-अनागोंदी हा एक अक्ष आणि चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष असं वेगळं केलं आणि सोबत आकृतीही छापली. माझ्या मते हा लेख बेरोनारच्या कुंडलीतला पहिला महत्त्वाचा कागद आहे, जरी त्यात तिचं नाव नाही. कारण यानंतर नियमाच्या बाजूचा असूनही दुष्ट असणं शक्य झालं, आणि चांगला असूनही नियम न मानणं शक्य झालं. नियम म्हणजे आपला पक्ष, ही सोय संपली. आता कोणता नियम, कुणासाठी, हे विचारणं भाग होतं. १९७८च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये या दोन अक्षांतून नऊ बाजू पक्क्या झाल्या आणि त्यातली एक लॉफुल गुड.

मातृत्वाची बाजू मात्र कागदावर फार अवघडलेली होती.

या काळातल्या कागदांत स्त्रिया कशा येतात ते पाहिलं पाहिजे, आणि ते वाचताना वाईट वाटतं. 'द ड्रॅगन'च्या तिसऱ्या अंकात, १९७६च्या ऑक्टोबरमध्ये, लेन लाकोफ्का यांनी स्त्री-पात्रांसाठी वेगळे नियम सुचवले. त्यात व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाऐवजी सौंदर्य मोजायचं होतं. १९७८च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये स्त्री-पात्रांच्या ताकदीवर मर्यादा आली : मानवी स्त्रीसाठी १८/५०, ड्वार्फ स्त्रीसाठी १७, तर ड्वार्फ पुरुषाला १८/९९ पर्यंत मुभा. ही माणसं दुष्ट होती असं म्हणायचं कारण नाही. युद्धखेळांच्या त्या वर्तुळात बायका जवळजवळ नव्हत्याच, आणि जे समोर नाही त्याची कल्पना त्यांनी आकड्यांनी भरून काढली. टीएसआर या प्रकाशन कंपनीत जीन वेल्स ही पहिली स्त्री-रचनाकार आली ती १९७९ साली.

याच काळातला एक आकडा या कथेत कळीचा आहे. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये ड्वार्फांची नोंद आहे. त्यांची बाजू लॉफुल गुड. त्यांच्या वस्तीत खेळाडू शिरले तर तिथे बायका आणि पोरं किती असावीत याचंही प्रमाण दिलं आहे : प्रौढ पुरुषांच्या ५० टक्के बायका आणि २५ टक्के मुलं. याच पुस्तकात एल्फ या दुसऱ्या जमातीच्या वस्तीत बायका पुरुषांइतक्याच आहेत, आणि ऑर्क या आणखी एका जमातीच्या गुहेत पोरांची संख्या पुरुषांच्या बरोबरीने. ड्वार्फांचं प्रमाण एवढं कमी का? शंभर पुरुषांमागे पन्नास बायका म्हणजे प्रौढांमध्ये एक तृतीयांश. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात ड्वार्फ स्त्रियांचं प्रमाण लोकसंख्येच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावं असं सांगितलेलं आहे. दोन्ही आकडे इतके जुळतात की हे प्रमाण तिथूनच आलं असावं, असं मी मानतो. टॉल्किनने ते एका विरत चाललेल्या जमातीच्या दुःखाचा भाग म्हणून लिहिलं होतं. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो डंजन मास्टरच्या सोयीचा आकडा झाला. पण आकडा छापला गेला की त्याचे परिणाम होतात. ज्या जमातीत आया कमी आणि मुलं त्याहून कमी, तिचा देव कोण आणि देवी कोण, हा प्रश्न त्या ओळीत दडलेला होता.

१९८० साली जेम्स वॉर्ड आणि रॉबर्ट कुंट्झ यांचं 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' आलं. याआधी १९७६ साली याच दोघांनी देवांवर एक पातळ पुरवणी लिहिली होती. दोन्ही पुस्तकांत जगभरच्या पुराणांतले देव चिलखताच्या आकड्यांसह आणि 'हिट पॉइंट', म्हणजे मार सोसण्याची ताकद, मोजून मांडलेले आहेत. त्यात भारतीय देवतांचंही प्रकरण आहे : लक्ष्मी, काली, उषस्, यम आणि वरुण. ऋताचा राखणदार आणि शपथा मोडणाऱ्याला पाशात बांधणारा वरुण त्या पानांत आकड्यांखाली दबलेला पाहताना मराठी वाचकाला चुकल्यासारखं होईल. पण पुस्तकामागे अनादर नव्हता. खेळाच्या भाषेत प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो, आणि देवाला त्या जगात आणायचं तर त्या भाषेतून आणण्यावाचून मार्ग नव्हता. या पुस्तकाच्या आवृत्त्याही सावधपणे वापराव्या लागतात. पहिली छपाई १४४ पानांची. पुढे परवानगीच्या कारणांमुळे दोन कादंबरी-विश्वांची प्रकरणं काढून टाकली आणि पुस्तक १२८ पानांचं झालं.

ड्वार्फांच्या वाट्याला त्यात एकच देव आला, मोरादिन, आत्म्यांचा लोहार. त्याने ड्वार्फ कसे घडवले ते सांगितलेलं आहे : जगाच्या पोटातल्या भट्टीत लोखंड आणि मिथ्रिल यांतून त्याने त्यांना घडवलं, आणि ते थंड करायला त्यांच्यावर फुंकर मारली, तेव्हा त्यांच्यात आत्मा आला. या उत्पत्तीत आई नाही. गर्भ नाही, प्रसूती नाही, पाळणा नाही. भट्टी, हातोडा आणि बापाचा श्वास एवढ्यावर एक जमात जन्माला येते.

बेरोनार कशी आली हे समजायला १९८०चं हे पान आणि १९७७चा तो आकडा एकाशेजारी एक ठेवावे लागतात. दोन वर्षांनी मूर 'ड्रॅगन'च्या अंकासाठी लिहायला बसला तेव्हा जन्माचं काम आधीच एका देवाच्या नावावर झालेलं होतं. जमात आधीच अस्तित्वात होती आणि आधीच विरळ होती. आईसाठी उरली होती ती जन्मानंतरची सगळी जागा.

मूरने ती जागा कशी भरली? त्याची बेरोनार मोरादिनबरोबर त्याच्या आत्म्यांच्या भट्टीपाशी राहते. ताकदवान आणि आतून शांत, असा तिचा स्वभाव. १७ची मर्यादा छापून चार वर्षं झाली होती, आणि ही ताकद तिच्या वर्णनाच्या सुरुवातीलाच येते. साध्या तपकिरी वस्त्रांवर चकचकीत साखळी-चिलखत. तिला दाढी आहे आणि ती वेण्या घालून बांधलेली आहे. तिने चांदीच्या दोन जादुई अंगठ्या घडवल्या, एक स्वतःच्या बोटात ठेवली आणि दुसरी मोरादिनला दिली.

इथे क्षणभर थांबलं पाहिजे. मोरादिन लोहार आहे, घडवण्याचा मक्ता त्याचा. तरी या एका बाबतीत घडवणारी ती आहे आणि घेणारा तो. त्या अंगठ्यांचा संबंध सत्याशी आणि एकमेकांवरच्या विश्वासाशी आहे. म्हणजे या देवघरातला नियम राजाच्या हुकमातून आलेला नाही, शिक्षेच्या भीतीतूनही नाही. दोघांनी एकमेकांना दिलेल्या वचनातून तो आला, आणि ते वचन आधी तिने दिलं. १९७१च्या 'चेनमेल'मध्ये लॉ म्हणजे सैन्याची रांग होती. अकरा वर्षांनी तोच शब्द घराच्या उंबऱ्याच्या आत आला आणि तिथे त्याला आशय मिळाला. माझ्या वाचनात या खेळाच्या पहिल्या दशकात नियमाच्या बाजूचे देव पुष्कळ आहेत. त्यांचा नियम बहुतेकदा तलवारीच्या टोकावर किंवा सिंहासनाच्या पायरीवर दिसतो. बेरोनारकडे तो रोजच्या जगण्यात दिसतो : खोटं न बोलणं, दिलेला शब्द पाळणं, दार बंद असलं तरी आतल्या माणसाला सुरक्षित वाटणं.

मूरने ही लेखमाला खेळातल्या इतर जमातींच्या देवांवर पुढे चालवली. मार्चमध्ये हाफलिंग, एप्रिलमध्ये एल्फ, मेमध्ये नोम आणि जूनच्या ६२व्या अंकात ऑर्क. ऑर्कांसाठी त्याने लुथिक निर्माण केली, गुहेची माता. बेरोनारशेजारी तिला ठेवून वाचलं की १९७६च्या त्या लेखाचं महत्त्व कळतं. त्या काळच्या नियमांत ऑर्क 'लॉफुल ईव्हिल' होते, नियमाच्या बाजूचे पण दुष्ट. लुथिकही त्याच बाजूची. तीही आई, तीही जमातीच्या प्रमुख देवाची, ग्रूम्शची, साथीण. ती लांब काळ्या नखांनी गुहा खणते, आजाऱ्यांवर उपचार करते, सुपीकता तिच्याकडे आहे. पण तिच्या नियमाचा अर्थ आहे चाकरी. ऑर्क स्त्रिया जशा त्या जगात पुरुषांच्या हुकमाखाली, तशी तीही. दोन्ही देवी एकाच लेखकाच्या, चार महिन्यांच्या अंतराने लिहिलेल्या. दोन्ही आया, दोन्ही नियमाच्या बाजूच्या, दोघींकडे घर आणि उपचार. फरक एकच : एका घरात नियम दोघांनाही बांधतो, दुसऱ्यात तो एकालाच बांधतो. मूरने हा फरक कुठे समजावून सांगितलेला नाही. पण दोन्ही नोंदी वाचून बंधन आणि बंदिवास यांतला भेद जितका स्पष्ट होतो, तितका मला त्या काळच्या नियमपुस्तकांतल्या नैतिक व्याख्यांमधून झाला नाही.

तरी १९८२ साली बेरोनारला भक्त नव्हते, निदान खेळाडूंमध्ये नव्हते. १९७८च्या नियमांनुसार ड्वार्फ पात्र धर्मगुरू असू शकत नसे. ड्वार्फ पुरोहित असायचे ते डंजन मास्टरच्या हातातले, तेही आठव्या पातळीपर्यंतच. खेळणाऱ्या कुणालाही या देवीची पूजा करण्याची वाट नव्हती. ती वाट उघडली १९८५ साली, 'अनअर्थ्ड अर्केना'मध्ये. टीएसआर तेव्हा पैशाच्या अडचणीत होती आणि गायगॅक्सने मासिकातलं बरंचसं साहित्य घाईने एकत्र करून हे पुस्तक बाजारात आणलं. घाईमुळे पुस्तकात चुका भरपूर राहिल्या. पण ड्वार्फ पात्रांना धर्मगुरू होण्याची परवानगी याच पुस्तकाने दिली, आणि मूरच्या देवताही याच पुस्तकाच्या परिशिष्टात पुन्हा छापल्या. देवी आणि तिची भक्त एकाच जिल्दीत आल्या. मासिकाचा अंक महिनाभर वाचला जातो. नियमपुस्तक टेबलावर वर्षानुवर्षं उघडं पडलेलं असतं. बेरोनार खऱ्या अर्थाने खेळात आली ती इथे, असं म्हणायला हरकत नाही.

१९८९ साली खेळाची दुसरी आवृत्ती आली आणि स्त्री-पात्रांच्या ताकदीवरची मर्यादा निघाली. पुढच्या वर्षी, १९९०ला, कॅनडाच्या एड ग्रीनवूडने 'ड्वार्व्हज डीप' लिहिलं. 'फरगॉटन रेल्म्स' हे काल्पनिक जग त्याचंच आणि आजवरच्या सगळ्यात जास्त खेळल्या गेलेल्या जगांपैकी एक. त्या पुस्तकात ड्वार्फांची लोकसंख्या घटते आहे. मुलं जन्माला येणं कमी होत चाललंय, लढायांत माणसं मरताहेत आणि जुनी राज्यं ओस पडताहेत. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधला ५० आणि २५चा आकडा इथे शोकांतिका झाला. मातृदेवतेसाठी याहून मोठा प्रसंग तो कोणता?

१९९२ साली कार्ल सार्जंटच्या 'मॉन्स्टर मायथॉलॉजी'मध्ये ती आहे. पण तिचं सर्वांत सविस्तर वर्णन एरिक बॉइडच्या १९९८च्या 'डेमिह्यूमन डेइटीज'मध्ये मिळतं. तोवर टीएसआर विकली गेली होती, १९९७ साली ती विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने घेतली होती. बॉइडचं पुस्तक जुने सगळे कागद धुंडाळून लिहिलेलं आहे. अशी पुस्तकं लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ती माणसं कल्पित जगाचाही इतिहास पुराव्याला धरून लिहितात आणि आधीच्या लेखकाने टाकलेली साधी ओळसुद्धा वाया जाऊ देत नाहीत. बॉइडकडे बेरोनारला पूजनीय माता, मातृदेवता, घर आणि चुलीची स्वामिनी अशा पदव्या आहेत. तिच्या क्षेत्रांत विवाह, निष्ठा, प्रामाणिकपणा, शपथ, कुटुंब आणि सन्मान हे सगळं आलं आहे. तिचे पुरोहित घराण्यांचे इतिहास लिहून ठेवतात, लग्नं जुळवायला मदत करतात, कुळांचं रक्षण करतात, आजाऱ्यांना बरं करतात. वंशावळ्या, लग्नाचे करार, वचनं या सगळ्यांचे कागद त्यांच्याकडे. ड्वार्फांच्या गावचं नोंदणी-दप्तर म्हणावं असं ते देऊळ आहे.

या पुस्तकातली दुसरी एक नोंद बेरोनारच्या पानाइतकीच महत्त्वाची वाटते. ती आहे शारिंडलारची. प्रेम, प्रियाराधन, नृत्य, दया, उपचार आणि सुपीकता तिच्याकडे आहेत. म्हणजे बाळ पोटात येणं हे शारिंडलारचं क्षेत्र. १९८०च्या पानावर जमातीचा जन्म मोरादिनच्या भट्टीतून झाला होता, आणि आता प्रत्येक बाळाचा जन्मही दुसऱ्याच देवीकडे गेला. तरीही माता म्हणून ओळखली जाते ती बेरोनारच. या कागदांतला तिचा सगळ्यात वेगळा विशेष मला हाच वाटतो. तिचं आईपण प्रसवण्यात नाही. आलेल्या बाळाचं नाव कुळात लिहून घेणं, त्याच्या आईबापांनी एकमेकांना दिलेला शब्द टिकवणं, त्याच्याशी खोटं न बोलणं आणि त्याच्या डोक्यावरचं छत पक्कं ठेवणं यात ते आहे. हे आईपण म्हणजे एक प्रकारचा कायदा आहे, आणि हा कायदा आईपणाशिवाय उभाच राहू शकत नाही. दत्तक घेतलेल्या मुलाला, अनाथाला, परक्या कुळातून आलेल्या सुनेलाही ही देवी आई होऊ शकते. सुपीकतेच्या देवीला ते इतक्या सहज जमत नाही.

२००१ साली 'फरगॉटन रेल्म्स'चं नवं पुस्तक आलं, तेव्हा घटत्या लोकसंख्येचा प्रश्न लेखकांनी एका वाक्यात सोडवला. त्या जगाच्या कालगणनेनुसार १३०६ साली ड्वार्फांना 'थंडर ब्लेसिंग' म्हणजे गडगडाटाचा आशीर्वाद मिळाला. घराघरांत मुलं होऊ लागली, जुळी मोठ्या संख्येने जन्मली, आणि ती नवी पिढी मोठी होऊन ओस पडलेल्या राज्यांकडे परत निघाली. हा आशीर्वाद कुणी दिला? मोरादिनने. तिसऱ्यांदा जन्माचं श्रेय मातेला चुकवून गेलं. कुणी जाणूनबुजून अन्याय केला असं कागदांवरून दिसत नाही. मुख्य देवाच्या नावावर मोठी घटना लावण्याची लेखकांची सवय त्यामागे असावी. पण जुळ्या मुलांनी भरलेल्या त्या घरांत पुढची वीस वर्षं जे चाललं असेल, वंशावळीत दोन-दोन नावं चढवणं, धाकट्यांची आजारपणं, थोरल्यांची लग्नं, ते सगळं १९९८च्या पुस्तकाप्रमाणे बेरोनारच्या देवळाचं काम होतं.

२०१५च्या 'स्वोर्ड कोस्ट अ‍ॅडव्हेंचरर्स गाइड'मध्ये ड्वार्फांच्या देवांचा एक तक्ता आहे. बेरोनारसमोर लिहिलंय : घर आणि चुलीची देवी. बाजू लॉफुल गुड कायम आहे, पण सत्य, शपथ आणि निष्ठा तक्त्याच्या ओळीत मावले नाहीत. याचं मला वाईट वाटतं. नियमाची देवी चुलीपुरती उरली की तिच्या पुरोहिताला टेबलावर करण्यासारखं फार थोडं राहतं. खेळाडू तक्ते आधी वाचतात, आणि नव्याने खेळू लागलेल्या मुलीला बेरोनार ही स्वयंपाकघरातली देवी वाटली तर तिचा काय दोष?

त्यानंतरचा एक कागद मात्र वेगळं सांगतो. धर्मगुरू पात्रांसाठी २०१८ साली ऑर्डर, म्हणजे सुव्यवस्था, हे नवं क्षेत्र नियमांत आलं, आणि २०२०च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात ते पुन्हा छापलं गेलं. सोबत कोणत्या देवांचे पुरोहित हे क्षेत्र घेऊ शकतात याची नमुन्यादाखल यादी दिली. तीत न्यायाचा देव टिअर आहे आणि जुलमी बेनही आहे, बेरोनार नाही. पण त्याच पुस्तकात पीस, म्हणजे शांती, हे दुसरं नवं क्षेत्र आहे आणि त्याच्या यादीत बेरोनारचं नाव आहे, हाफलिंगांच्या सिरोलालीच्या जोडीने. या क्षेत्राचे पुरोहित काय करतात तेही तिथे सांगितलंय. ते तह आणि करारांवर सह्या होताना साक्षी म्हणून बसतात आणि भांडणांत मध्यस्थी करतात. त्यांची पहिली मोठी शक्ती अशी, की काही जणांना एकमेकांशी एका बंधाने जोडायचं. तो बंध टिकून असेतो आणि जोडलेली माणसं एकमेकांच्या जवळ असेतो, प्रत्येकाच्या फाशात चार बाजूंच्या आणखी एका फाशाची भर पडते.